कळ कुणाच्या हातात?

वीरगळांची छायाचित्रे मी गेली बारा वर्षे काढतो आहे. अलीकडे एकेका दगडाचे शंभर-दीडशे फोटो घेऊन संगणकाकडून त्याची त्रिमितीय प्रतिमा करून घेण्याचा नाद लागला. पडद्यावर त्या प्रतिमेवर तिरका उजेड टाकला, की भर दुपारी शेतात न दिसलेले झिजलेले कोरीवकाम वर येते. एवढ्यासाठी २०१९ साली 'वेगळे ग्राफिक्स कार्ड' असलेला लॅपटॉप घेतला, त्या कार्डाचे वेगळे पैसे मोजले. तरीही प्रतिमा फिरवू गेलो, की ती खडकाळ वाटेवरच्या बैलगाडीसारखी अडखळे. मग मी तिच्यातले त्रिकोण कमी करून ती हलकी करू लागलो. निम्मे, मग पाव, शेवटी एक दशांश. तीन वर्षे मी त्या हलक्या प्रतिमांवरून टिपणे केली. विकतचे कार्ड त्या सगळ्या वेळात बहुतेक झोपून होते, हे नंतर कळले. त्याला झोपवले कोणी, याचा माग काढताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोघे असतात. एक मुख्य प्रोसेसरच्या पोटातला, दुसरा स्वतंत्र चिपमधला. या दोन वाटा रुंदावल्या त्या साधारण १९९९मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी इंटेलने आय७४० ही स्वतंत्र ग्राफिक्स चिप बाजारात आणली होती. ती फारशी चालली नाही. पुढच्याच वर्षी इंटेलने ८१० या चिपसेटमध्ये ग्राफिक्स थेट मदरबोर्डावरच बसवून टाकले: वेगळे कार्ड नको, वेगळा खर्च नको. त्याच १९९९मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले आणि 'जीपीयू' या शब्दाचा डंका पिटला. एकीने स्वस्ताईची वाट धरली, दुसरीने ताकदीची. पुढे २०११च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत इंटेलचे ग्राफिक्स प्रोसेसरच्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आले आणि जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपला हा पहिला चित्रकार आपोआप मिळू लागला.

दोघांत खरा फरक स्मृतीचा. पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची रॅम नसते; सबंध संगणकाच्या रॅममधून त्याला वाटा घ्यावा लागतो. वाड्याच्या चौकातल्या एका नळावर सगळी बिऱ्हाडे पाणी भरतात, तसे. डीडीआर४-२४०० जातीची एकच पट्टी असेल, तर सेकंदाला फार तर १९.२ गिगाबाइट माहिती ये-जा करते. जोडीने दोन पट्ट्या लावल्या तर ३८.४. त्याच सुमाराच्या जीटीएक्स १०५० या स्वतंत्र चिपच्या दाराशी मात्र स्वतःची स्मृती, वेग ११२ गिगाबाइट. अर्थात ही चिप वीजही तशीच पिते, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालतो. सगळे रामायण इथून सुरू होते.

२००६च्या सोनी वायो एसझेड मालिकेत यावर फार प्रामाणिक तोड काढलेली होती. कीबोर्डाच्या वर एक खरीखुरी सरकती कळ. एका बाजूला 'स्टॅमिना', दुसऱ्या बाजूला 'स्पीड'. कळ सरकवायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. वेळखाऊ खरे, पण कोण काम करतो आहे हे बोटाला ठाऊक असे. २००८च्या अखेरच्या मॅकबुक प्रोमध्ये ही कळ सेटिंगमध्ये गेली. संगणक बंद करावा लागत नसे, पण लॉगआउट करावे लागे. एव्हाना ताकदीच्या वाटेवरही खड्डे दिसू लागले होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या बांधणीतल्या दोषापायी एनव्हिडियाला १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर करावी लागली.

निर्णायक वर्ष २०१०. विंडोज व्हिस्टामध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्राफिक्स ड्रायव्हर एका वेळी नांदत नसत. विंडोज ७ने ती मुभा दिली. फेब्रुवारीत एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' जाहीर केले. त्यातली युक्ती मला आजही सुंदर वाटते. पडदा कायमचा पोटातल्या ग्राफिक्सलाच जोडलेला. जड काम आले की स्वतंत्र चिप जागी होते, चित्र काढते आणि ते पहिल्याच्या स्मृतीत नक्कल करून ठेवते. पडद्यावर मांडतो तो पहिलाच. कोणत्या प्रोग्रॅमसाठी चिपला उठवायचे याची यादी ड्रायव्हरपाशी. कळ नाही, लॉगआउट नाही, काही नाही. आणि यादीत नसलेला प्रोग्रॅम? तो मुकाट्याने पहिल्याकडे. वीरगळ फिरवणारा माझा किरकोळ प्रोग्रॅम अशा यादीत असण्याचे कारण नव्हते.

लिनक्सवाल्यांचे हाल याहून मोठे. त्यांच्यासाठी ऑप्टिमस तेव्हा अधिकृतपणे आलेच नव्हते, म्हणून २०११मध्ये हौशी मंडळींनी 'बंबलबी' हा प्रकल्प उभारला. त्याच्या इन्स्टॉल करण्याच्या लिपीत एक रिकामी जागा चुकून जास्त पडली आणि एक उपफोल्डर पुसण्याऐवजी 'यूएसआर' हा सबंध फोल्डरच पुसला जाऊ लागला. एका स्पेसने संसार उठला! (पोथ्यांच्या लेखनिकांना शिव्या घालताना मला हे आठवते.) जून २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोतीने ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दलच विचारले, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला मधले बोट दाखवले. ते दृश्य जगभर फिरले. मूळ प्रश्न काय होता हे बहुतेकांना आठवत नाही.

माझा उलगडा भाच्याने केला. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून तो म्हणाला, "मामा, आता दगड फिरवा." जीपीयू ० धापा टाकत होता, जीपीयू १ शून्यावर. मला खटकले ते वेगळेच. फोटोंवरून प्रतिमा तयार होण्याचे काम तर झपाट्याने होई, मग तेव्हा कोण राबत होते? तीही गंमत कळली. आकडेमोडीसाठी प्रोग्रॅम एनव्हिडियाच्या 'कुडा'मार्फत स्वतंत्र चिपला थेट हाक मारतो, यादीबिदी मध्ये येत नाही. शिवाय टास्क मॅनेजर मुळात दाखवतो त्या आलेखांत हे काम दिसेलच असे नाही. आलेखाच्या नावावर टिचकी मारून तो बदलावा लागतो. म्हणजे शून्य दिसले म्हणून चिप रिकामी, असेही समजू नये. दगड घडवत होता दुसरा आणि दाखवत होता पहिला.

इलाज दोन मिनिटांचा निघाला. २०१८पासून विंडोज १०च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'ग्राफिक्स' म्हणून एक पान आहे. तिथे प्रोग्रॅम निवडून 'हाय परफॉर्मन्स' म्हणायचे, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा. चार्जर लावलेला हवा, कारण बॅटरीवर ही चिप हात आखडता घेते. रॅमची एकुलती पट्टी होती तिला जोडीदार आणला. तो खरे तर पहिल्याच्या उपयोगाचा. आता काही महागड्या लॅपटॉपांत पडदा थेट स्वतंत्र चिपला जोडून देणारा 'मक्स' स्विच मिळतो. वायोची ती कळच वेगळ्या वेशात परत आली म्हणायची.

प्रतिमा पुन्हा पूर्ण त्रिकोणांनिशी उघडल्या. पहिल्याच वीरगळाच्या खालच्या चौकटीत ज्याला मी घोडा म्हणून नोंदवले होते, त्याला शिंगे निघाली. ती गाय आहे, शेजारी आणखी दोन आहेत. म्हणजे तो वीर लढाईत नव्हे, बहुधा गोधन सोडवताना पडला. हे घोड्याचे टिपण मी छापलेलेही आहे. हलक्या प्रतिमांवरून नोंदवलेले असे एकेचाळीस दगड आहेत. त्यांतले नऊ तपासून झाले, दुरुस्त्या तीन निघाल्या.