लेट्यूस : परसबागेतील लागवड

सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) वर्षायू पालेभाजी. शास्त्रीय नाव लॅक्टुका सटिवा. देठ मोडला की पांढरा चीक पाझरतो. पाल्याचा कडवटपणा मुख्यतः त्यातल्या द्रव्यांचा. घरचे लेट्यूस फसले की दोष माती, खत, पाणी यांना दिला जातो. महाराष्ट्राच्या सपाटीवर मात्र खरे कारण बहुधा तापमानात सापडते. बी १५ ते २० अंश सेल्सिअसला चांगले उगवते. माती तिशीच्या पुढे तापली की अनेक वाणांचे बी जिवंत असूनही निद्रिस्त राहते, आणि बियाणेवाल्याला उगाच बोल लागतो. बऱ्याच वाणांच्या बियांना उगवायला उजेडही हवा असतो. १९५२ मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे लाल प्रकाशाने बी उगवते आणि अतिलाल प्रकाशाने ती उगवण रोखली जाते, हे दिसले ते लेट्यूसच्याच ‘ग्रँड रॅपिड्स’ वाणावर. म्हणून बी खोल पुरू नये. वर चाळलेल्या मातीचा पातळ थर पुरे. मोठे दिवस आणि उकाडा एकत्र आले की रोप मधून दांडा काढते, पाने निमुळती होतात, चीक वाढतो. मग कितीही पाणी घातले तरी कडूपणा जात नाही.

यावर शेडनेटचा उपाय सुचवला जातो. त्याने ऊन अडते, पण रात्रीचा उकाडा तसाच राहतो. भिजवलेले बी फ्रीजमध्ये ठेवल्यास उगवण साधते खरी. पुढे रोपाला एप्रिल सोसावाच लागतो. बाजारात बारमाही लेट्यूस मिळते, हा आक्षेपही टिकत नाही : तो माल थंड डोंगराळ भागातून किंवा वातावरण नियंत्रित केलेल्या शेडमधून येऊ शकतो, गच्चीवर ती सोय नसते. तेव्हा पेरणी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात करावी. गड्डा बांधणाऱ्या वाणांना अधिक दिवस थंडी लागते, त्यामुळे मोकळ्या पानांचे वाण घ्यावेत. त्यांची बाहेरची पाने दीड महिन्यात खुडता येतात. मुळे उथळ असल्याने वीतभर खोल कुंडी चालते, मात्र ती लवकर सुकते.

फूल स्वपरागित असल्याने सरळ वाणाचे बी घरीही धरता येते. त्यासाठी सर्वांत उशिरा दांडा काढणारे रोप राखावे. आधी फुलोऱ्यावर आलेल्याचे बी घेतल्यास तीच घाई पुढच्या पिढीत उतरू शकते.