वऱ्हाडातील जुनेराचा इतिहास

इतिहास म्हटला की बुलढाणा जिल्ह्यातील माणसाचे मन प्रथम सिंदखेडराजाकडे धाव घेते, आणि ते योग्यच आहे. लखुजी जाधवरावांचा वाडा आणि जिजाऊंचे जन्मस्थान ज्या भूमीत आहे, तिने मान ताठ ठेवली तर नवल कसले? परंतु आज आम्ही आपणांस वाड्यातील दरबारात नेणार नाही. दरवाजावरील शिपायाच्या अंगरख्यापाशीच थांबणार आहोत.

त्या काळी पोलादी चिलखत थोड्यांच्याच वाट्याला येई. बाकीचे स्वार कापडाच्या घड्यांत कापूस घालून दाट टाके मारलेला जाड अंगरखा घालीत. ओझरता वार त्यावर निभावून जाई. आता आपल्या घरची गोधडी पाहा. थरावर थर आणि त्यांतून गेलेला धावदोरा, रीत तीच आहे. घोड्याच्या खोगिरातही फाटकेतुटके कापड भरीत. त्यावरून आलेला ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निंदेने वापरतो. पण त्या चिंध्यांनीच घोड्याची पाठ सोलवटू दिली नाही, हे विसरता कामा नये.

लढाया संपल्या, तरी कष्टकऱ्याच्या अंगाला रक्षण लागतच होते. धनगराची घोंगडी हे त्याचे खरे चिलखत. मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी पावसात खोळ होई, रानात अंथरूण होई आणि पंच बसले की बैठक होई. विरली म्हणजे ती गोठ्यात वासराच्या अंगावर जाई. शेतकऱ्याच्या धोतराचीही अशीच उतरती परंपरा होती. धोतराचे फडके, फडक्याची डोईवरची चुंबळ, चुंबळीचे पोतेरे. स्वच्छ तुकडा राहिलाच तर देवापुढचा काकडा. लुगड्याचे मऊ जुनेर बाळंतिणीसाठी राखून ठेवीत आणि उरलेले वाकळीत जाई. उन्हाळ्यात शेतीचे काम ओसरले की बायका ओसरीवर वाकळ पसरून टाके घालीत. कोणता तुकडा कोणाच्या बंडीचा, हे घरातील म्हातारीस तोंडपाठ असे.

इंग्रजी अंमलात या व्यवहाराला नवे वळण लागले. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. गाठी बांधून कापूस विलायतेस जाऊ लागला व गिरणीचे कापड परत येऊ लागले. त्याबरोबर गोणपाटही आले. गोणपाटाचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की हमालाची पावसाळी खोळ तयार! पुढे खताच्या प्लास्टिकच्या पोत्यांनी ती जागा घेतली.

हे शहाणपण केवळ आपलेच, असे मात्र समजू नये. इंग्लंडात यॉर्कशायरमधील बॅटली गावी 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचे पुन्हा कापड केले. तिथे त्याचा कारखाना झाला, आपल्याकडे ती घरची रीतच राहिली. चिंधीला मान देणारा पुरुषही वऱ्हाडातच निपजला. 1876 साली शेंडगावी जन्मलेले गाडगे महाराज चिंध्यांचे वस्त्र पांघरून, हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

इथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. परंतु इतिहास सांगणाऱ्याने पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. जुनेर पुन्हा वापरण्याची ही रीत एका गृहीतावर उभी होती. कापडाला लागलेले असे ते घाम, माती किंवा शेण, आणि नदीवर आपटून ते निघत असे. आज कपाशीवर फवारणी करणारा मजूर घरातील सर्वांत जुना सदरा अंगात घालतो. कापड वाया जाऊ नये ही त्याच्या आजीचीच शिकवण तो पाळतो. पण कीटकनाशक त्या विरलेल्या कापडातून कातडीत शिरते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. जुन्या कापडाने त्यांचे रक्षण होणार नव्हते.

आणि हंगाम संपल्यावर तो सदरा कोठे जातो? रीतीप्रमाणे वाकळीत, म्हणजे लेकराच्या अंगाखाली! फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, वेगळे धुवावेत. औषधाचे मूळ द्रावण सांडून भिजलेले कापड धुतल्यानेही निर्धोक होत नाही. ते टाकलेच पाहिजे.

टाकणे हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण त्यांनीही निवड केलीच होती. बाळंतिणीचे जुनेर वेगळे, पोतेरे वेगळे; एकाची जागा दुसऱ्याला त्यांनी कधी दिली नाही. तीच पारख आपण पुढे चालवू या. फवारणाऱ्याला धड, अंगभर पोशाख, हातमोजे आणि तोंडावर आच्छादन मिळेल अशी तजवीज गावाने करावी, आणि त्या पोशाखाची वयोमर्यादा सरली की त्याचा तुकडाही घरात येऊ देऊ नये. बाकीच्या जुनेराची वाकळ अवश्य शिवावी. तिची ऊब आम्हांस अजून आठवते.