साक्ष आणि अश्रू

मराठी आत्मचरित्रांची यादी करायला बसले, की एक गोष्ट सहज नजरेत भरते. आपल्याकडचा ख्रिस्ती समाज संख्येने लहान; पण स्वतःविषयी लिहिण्याची जी परंपरा मराठीत रुजली, तिच्यात त्याचा वाटा मोठा आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ साली निघाले. पंडिता रमाबाईंनी आपली साक्ष १९०७ साली प्रसिद्ध केली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे भाग १९३४ पासून बाहेर पडू लागले आणि मराठी घरांतून ते पुस्तक जे शिरले ते आजतागायत बाहेर पडलेले नाही.

असे का व्हावे? याचे एक कारण त्या धर्माच्या चालीरीतीतच आहे. धर्मांतर केलेल्या माणसाने मंडळीसमोर उभे राहून आपल्या मनाचा प्रवास सांगावा, अशी प्रॉटेस्टंट मिशनांची पद्धत होती. तिलाच ‘साक्ष देणे’ म्हणत. आपल्या समाजात मोठ्यांसमोर ‘मी’ म्हणून बोलण्याचीही जेथे चोरी, तेथे एखाद्या तरुणाला किंवा विधवेला ‘तुमच्या मनाचे सांगा’ असे कोणी म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण या साक्षीलाही हळूहळू एक साचा आला. आधी अंधार, मग प्रकाश. आधी रडणे, मग हसणे. बाप्तिस्म्यापूर्वीच्या दुःखाचे वर्णन हवे तितके करावे, नंतरच्या दुःखाचा मात्र उच्चार जपून करावा. पदमनजींनी आपल्या पुस्तकाला दिलेले नावच पाहा. बेळगावला १८३१ साली जन्मलेल्या आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या मनुष्याने घरच्यांशी झालेली ओढाताण मोठ्या प्रामाणिकपणे लिहिली आहे. तरी कथेचा रोख पहाटेकडे आहे. उजाडल्यानंतरच्या दुपारचे काय, हा प्रश्न त्यांच्यामागून आलेल्या दोन बायकांनी पुढे आणला. या लेखात मला त्या दोघींविषयीच विशेष सांगायचे आहे.

पंडिता रमाबाईंचे बालपण बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे, म्हणून लोकांच्या रोषाला पात्र झालेले. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. पुढे दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, काही महिन्यांत आई, मागाहून थोरली बहीण. आईसाठी शेजारी भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आईच्या प्रेताला खांदा द्यायला माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाई पुढे झाल्या. उंची कमी, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधवी पटकीने गेले. कडेवर मनोरमा होती, तिला वर्षही पुरे झाले नव्हते.

इथवरचे दुःख साच्यात बसणारे आहे. खरी कसोटी पुढची. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात गेल्या. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. त्या परक्या थंड गावात हा धक्का सोसून त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. आता सर्व शंका मिटल्या, असे कोणालाही वाटावे. पण मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली छापून निघाला, तो वाचताना मी तर थक्क झालो. त्रैक्याचे तत्त्व आपल्याला पटत नाही, चर्चचा प्रत्येक नियम डोळे मिटून मानणार नाही, एका पुरोहितशाहीचे जोखड महत्प्रयासाने उतरवले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे या बाईंनी ज्यांचे अन्न खात होत्या त्यांनाच लिहिले. मुलीला कोणत्या वळणाने वाढवायचे, यावरूनही खटके उडाले. उपकारकर्त्यांना न आवडणारे खरे बोलायला जी छाती लागते, ती त्यांच्यापाशी होती.

त्याहून मोठी कबुली १९०७ च्या साक्षीत आहे. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या सांगतात. हा काळ कोणता, याचा विचार करावा. याच काळात त्यांनी अमेरिकाभर व्याख्याने दिली, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचा आपला इंग्रजी ग्रंथ लोकांपुढे ठेवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. जगाच्या दृष्टीने त्या विजयी होत्या. त्या विजयाच्या वर्षांत आतून आपण रिकाम्या होतो, हे सांगण्याची त्यांना कोणी सक्ती केली नव्हती. संस्थेसाठी परदेशातून पैसा यायचा, देणगीदारांना गोड बातम्या हव्या असायच्या. तरीही त्यांनी ते लिहिले.

पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. स्वतः भूक भोगलेल्या बाईला भुकेल्या पोरीचा चेहरा ओळखायला वेळ लागला नाही. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आईनंतर संस्था सांभाळायची म्हणून जिला तयार केले, तीच आधी गेली. रमाबाई पुन्हा भाषांतराकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि ते बायबल १९२४ साली समग्र प्रसिद्ध झाले.

भाषांतराचा उल्लेख मी मुद्दाम केला. बायबलमधील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतली बरीच रडगाऱ्हाणी आहेत. देवा, तू कुठे आहेस, असे विचारणारी, त्याच्याशी भांडणारी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत वर येतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द अंधाराचा आहे. ईयोबाचा अख्खा ग्रंथ असाच. त्याला ‘तुझेच काही चुकले असेल’ म्हणून शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर शेवटी देव रागावतो. तक्रार करणाऱ्या ईयोबावर तो ठपका येत नाही. आणि क्रुसावर प्राण सोडताना येशूने जो टाहो फोडला, तोही बाविसाव्या स्तोत्रातला. म्हणजे दुःख दाबून हसरा चेहरा दाखवणे हा त्या धर्माचा मूळ उपदेश नव्हे. ती मागाहून पडलेली सवय आहे.

आता लक्ष्मीबाई. रमाबाईंची लेखणी गंभीर, यांची मिश्किल. आमच्या घरी ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचली जात, तेव्हा आई हसता हसता पदर डोळ्यांना लावी, आणि मला लहानपणी कळत नसे की हे नक्की हसणे की रडणे. वडिलांच्या सोवळ्याचे वेड त्यांनी असे रंगवले आहे की पोट दुखावे. पण त्या घरात वाढणाऱ्या मुलीचे काय झाले असेल, हे मागाहून लक्षात येते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा, भोवताली कुजबुज. ती वर्षे त्यांनी कशी काढली, पंढरपूरला कशा राहिल्या, वेड लागायची पाळी कशी आली, हे त्यांनी लपवलेले नाही. नवऱ्याकडे परत आल्या त्याही धर्म बदलून नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. आधी त्यांच्या मनातली जात गेली, मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

साच्याप्रमाणे गोष्ट इथे संपायला हवी होती. लक्ष्मीबाईंची संपत नाही. टिळकांचा रागीटपणा तसाच, घरातले होते-नव्हते ते दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड तशीच, पैशाची चणचण तशीच. मोठ्या कवीची, मोठ्या भक्ताची बायको होणे म्हणजे काय, हे त्या प्रेमाने सांगतात, पण देव्हाऱ्यात बसवून सांगत नाहीत. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेल्यावरचे एकटेपणही त्या तसेच उघडपणे मांडतात. त्यांची श्रद्धा मात्र कुठे डळमळलेली दिसत नाही. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेऊन पुरे केले.

हा मोकळेपणा त्या दोघा पतिपत्नींनी केवळ मिशनकडून घेतला असेल, असे मला वाटत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. तुकोबांनी दुष्काळ पाहिला, बायकोचा भुकेने झालेला मृत्यू पाहिला, आणि विठ्ठलाशी ते घरच्या माणसाशी भांडावे तसे भांडले. त्या भांडणाने त्यांची भक्ती उणी झाली, असे कोणत्या वारकऱ्याला वाटते? देवाजवळ रुसण्याचा हक्क मराठी माणसाला संतांनी आधीच देऊन ठेवला होता. मराठी ख्रिस्ती भक्ताने तो नव्या घरी बरोबर नेला, एवढेच.

सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे ज्या घरी वर्षात कोणी गेलेले असते, तिथे कढई चढत नाही; शेजारपाजारचे नि नात्यातले लोक फराळाचे ताट घेऊन जातात. ‘तुम्हीही हसा’ असे त्यांना कोणी सांगत नाही. ताट ठेवायचे, घटकाभर बसायचे, गेलेल्या माणसाविषयी ती माणसे बोलतील ते ऐकायचे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी आपल्या धर्मबांधवांपाशी आणि आपल्या सर्वांपाशी जे मागितले, ते याहून फारसे वेगळे नव्हते. यंदा असे एखादे घर तुमच्या आळीत असेल, तर ताट पाठवू नका. स्वतः घेऊन जा.