दुआ झाली, मंडप उतरला. आता पुढे काय? कार्यक्रमानंतर आयोजकांनी करायची कामे

जलसा असो, वलीमा असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की रमजानमधली सामुदायिक इफ्तार, आपल्याकडे तयारी महिनाभर चालते. समिती बसते, वर्गणी जमते, बावर्ची ठरतो. पण दुआ झाली, लोक उठले, की समितीतले निम्मे चेहरे दिसेनासे होतात. मागे राहतात खरकट्या पत्रावळी, मंडपवाल्याची पोरं आणि एखादा चाचा, जो रात्री दोनपर्यंत सतरंज्या मोजत बसतो.

काही वर्षांपूर्वी बिडकीनजवळच्या एका शेतात आम्ही जलसा घेतला होता. पीक निघालेलं होतं, शेतकरी भाऊंनी एक रुपया न घेता जमीन दिली. जलसा छान झाला. दुसऱ्या दिवशी वरवरची साफसफाई करून आम्ही मोकळे झालो. पंधरा दिवसांनी नांगरणीच्या वेळी मंडपाचा एक खिळा त्यांच्या बैलाच्या खुरात घुसला. भाऊ भांडले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र जमीन मागायला गेलो तर एवढंच म्हणाले, "गुरुजी, औंदा नाही जमायचं." जनावराच्या औषधाचे पैसे आम्ही दिले, पण गेलेला विश्वास पैशाने परत आला नाही.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट धरून आहोत. मैदान, भांडी, वर्गणी, लोकांचा वेळ हे सगळं आपल्या हातात अमानत असतं. अमानत जशी घेतली तशी परत जाईपर्यंत कार्यक्रम संपलेला नसतो. ती परत कशी करायची, ते इथे क्रमाने देत आहोत.

१. पहिला तास: माणसं सुखरूप घरी

दुआनंतर सगळे एकदम उठतात आणि खरी गर्दी तेव्हाच होते. गंगापूर तालुक्यातल्या लिंबेजळगाव शिवारात २४ ते २६ फेब्रुवारी २०१८ला राज्यस्तरीय तब्लिगी इज्तेमा झाला, तेव्हा लाखो लोक आले होते. आपल्यातले बरेच जण तिथे होते. अशा इज्तेमात जिल्ह्यांप्रमाणे हलके पाडतात, पार्किंगची वाटणी करतात, खिदमतच्या साथींना जागा नेमून देतात. आपला कार्यक्रम पाचशे माणसांचा असला तरी नियम तोच: कोण कुठे थांबणार, हे आधी ठरलेलं हवं.

- औरतांचा दरवाजा आणि त्यांच्या गाड्या वेगळ्या ठेवाव्यात. बुजुर्ग आणि लहान मुलांना आधी निघू द्यावं.
- कार्यक्रम पैठण रोडलगत असेल तर टॉर्च घेतलेले चार-पाच जवान मुलगे रस्त्यावर उभे करावेत. अंधारात रस्ता ओलांडणारी पोरं गाडीवाल्याला दिसत नाहीत.
- शेवटचं कुटुंब जाईपर्यंत दिवे बंद करू नयेत. लाऊडस्पीकर मात्र वेळेत बंद करावा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे. आभार, सूचना, हरवलं-सापडलं हे सगळं १०च्या आत उरकावं.
- सापडलेली चप्पल, मोबाईल, दागिना एकाच माणसाकडे जमा करावा आणि वहीत लिहावा. ग्रुपवर दागिन्याचा फोटो टाकू नये. खूण मागणाऱ्याने नव्हे, मालकाने सांगावी.

२. उरलेलं जेवण: सवाब की आजार?

अन्न वाया घालवणं आपल्याला कुणालाच आवडत नाही. कुरआनात सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे भाऊ म्हटलं आहे. पण खराब झालेलं अन्न गरिबाला देणं म्हणजे इसराफपासून बचाव नव्हे.

शिजवलेलं अन्न उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. हवेचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे लक्षात असू द्या. बिर्याणीची देग आतून तासन्‌तास कोमट राहते आणि जंतूंना तेच हवं असतं. भातातल्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही.

म्हणून वाढप चालू असतानाच अंदाज घ्यावा. न उघडलेल्या देगेतलं अन्न उरणार असं दिसलं की ते गरम असतानाच वाटपाला पाठवावं. ते शक्य नसेल तर पसरट परातीत काढून लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावं. ताटातलं उष्टं कधीच कुणाला देऊ नये. मदरशात, वस्तीत किंवा दवाखान्याबाहेर देताना पदार्थात गोश्त आहे की नाही, कधी शिजवलं, हे स्पष्ट सांगावं. घेणारा कोणत्याही धर्माचा असू शकतो. आमची कसोटी सोपी आहे: हे आता आपल्या मुलांना वाढू का? उत्तर 'नाही' असेल तर वाटायचंही नाही.

१०९८ला फोन केला की उरलेलं जेवण घेऊन जातात, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खोटा आहे. तो नंबर संकटातल्या मुलांसाठी आहे, तो अडवून ठेवू नका. आपल्या भागात जेवण नेणारं कोण आहे, त्याचा नंबर कार्यक्रमाआधीच घेऊन ठेवावा.

३. कचरा आणि मैदान

घनकचरा व्यवस्थापन नियमांमध्ये असं सांगितलं आहे की, परवाना नसलेल्या जागी १००पेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम घ्यायचा तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं, आणि ओला-सुका कचरा वेगळा करून त्यांच्या माणसाकडे द्यावा. ही जबाबदारी आयोजकाची आहे. थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताट-ग्लासांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा ते आणूच नयेत.

- हाडं वेगळी जमा करून खोल खड्ड्यात पुरावीत. उघड्यावर टाकली की कुत्री येतात आणि ती दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर बसतात.
- भात-रोटीचा ढीग शेळ्या-गुरांपुढे टाकू नये. एकदम जास्त शिजवलेलं अन्न खाल्लं की जनावराचं पोट फुगतं, ते दगावूही शकतं.
- कचरा पेटवू नये.
- बांबूचे खड्डे त्याच मातीने बुजवून दाबावेत.
- खिळे, तारा, पिना नजरेने सगळ्या सापडत नाहीत. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून शेतभर आडवा-उभा ओढावा. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा डबाभर खिळे निघाले. जमीन त्याआधी स्वच्छ दिसत होती!
- काळ्या मातीत गाड्या फिरल्या की जमीन घट्ट होते. नांगरटीचा खर्च समितीने बजेटमध्येच धरावा.

शेवटी जमीनमालकाला सोबत घेऊन फेरी मारावी. "बघा, काही राहिलं का?" असं आपण विचारावं, त्यांना बोलवायला लावू नये. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचा भाग आहे, हे आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. मुलं ते मैदानावर बघतात.

४. भाड्याचं सामान आणि मजुरी

सामान येताना जी यादी केली तिच्यावरूनच परत मोजावं, मंडपवाल्याच्या माणसासमोर. फुटलेलं, हरवलेलं तिथेच लिहून दोघांनी सही करावी. भिजलेल्या सतरंज्या आणि ताडपत्र्या वाळवून द्याव्यात. महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घेतलं असेल तर ते बंद करण्याचा अर्ज आणि अनामत रकमेची मागणी एकाच दिवशी करावी. पुढे ढकललं की राहून जातं.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीसची शिकवण सगळ्यांना पाठ आहे. तरी भांडी घासणाऱ्या बायांना "उद्या या" असं सांगितलं जातं. त्यांचे पैसे वेगळ्या पाकिटात आधीच काढून ठेवावेत आणि त्याच रात्री द्यावेत.

५. हिसाब

कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. एवढं पुरेसं आहे.

सगळी पावती-पुस्तकं परत घ्यावीत, कोरी आणि अर्धवट भरलेलीसुद्धा. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी. जमा, खर्च, देणं बाकी आणि शिल्लक असे चार रकाने करावेत आणि प्रत्येक खर्चाचं बिल जोडावं. हिसाब मस्जिदच्या बोर्डावर आणि ग्रुपवर लावावा. देणगीदारांची नावं त्यांची इच्छा असेल तरच टाकावीत.

जकातची रक्कम वेगळीच राहिली पाहिजे. तिचे आठ हकदार सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ठरवून दिले आहेत, त्यात मंडप आणि लाऊडस्पीकर नाहीत. शिल्लक राहिली तर ती दुसऱ्या कामाला वळवण्याआधी देणाऱ्यांना विचारावं आणि आलिमांचा सल्ला घ्यावा. समिती नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-सीखाली धर्मादाय कार्यालयाशी संबंध येतो. तिथे द्यायचा हिशेबही याच कागदांवरून तयार होतो.

तूट आली तरी हिसाब लपवू नये. लोक तूट समजून घेतात, गप्प बसणं समजून घेत नाहीत.

६. शुक्रिया, तक्रार आणि फोटो

जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या अर्थाची हदीस आहे. व्यासपीठावरच्यांचे आभार माईकवर मानून झालेले असतात. आता सफाई कामगार, बंदोबस्ताचे पोलीस, लाईनमन आणि शेजारी यांच्याकडे जाऊन मानावेत. आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना झाला असेल, त्यांच्याकडे वडीलधाऱ्याने जावं, मिठाई न्यावी आणि त्यांची तक्रार मधे न बोलता ऐकावी.

औरतांचे आणि मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. एकदा ग्रुपवर गेलेला फोटो परत येत नाही.

७. शेवटची बैठक

आठ-दहा दिवसांत एकदा बसावं. तीनच प्रश्न: काय चांगलं झालं, काय चुकलं, पुढच्या वेळी कोण काय करणार? औरतांच्या बाजूची व्यवस्था पाहणाऱ्या बहिणींचं म्हणणं जरूर घ्यावं, कारण पाणी कमी पडलं की नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. किती तांदूळ लागले, किती उरले, किती माणसं आली, हे एका वहीत लिहावं. ही वही पुढच्या समितीला द्यावी.

थोडक्यात वेळापत्रक

- त्याच रात्री: लोकांची रवानगी, जेवणाचा निर्णय, मजुरी, रोख मोजणी.
- दुसऱ्या दिवशी: कचरा, सामानाची परतफेड, खड्डे, चुंबक, मालकासोबत फेरी.
- तीन दिवसांत: उरलेली बिलं, वीज कनेक्शन, शुक्रियाच्या भेटी.
- आठ-दहा दिवसांत: हिसाब बोर्डावर, बैठक, वही.

यातलं एकही काम अवघड नाही. फक्त नावं आधी ठरवा. ज्यांनी मंडप उभारायला मेहनत केली त्यांनाच उतरवायला थांबवू नका, मागच्या कामाची टोळी वेगळी आणि ताज्या दमाची ठेवा. आम्ही गेली काही वर्षं असंच करतो. त्या शेतकरी भाऊंकडे नंतर आम्ही जमीन मागितली नाही, पण दर ईदला शीरखुर्मा घेऊन जातो. मागच्या ईदला त्यांनीच विचारलं, "औंदा जलसा कुठं घेताय, गुरुजी?"