हीदन धर्म आणि पूर्वज

हीदन धर्म किंवा हीदनरी हा ख्रिस्तीकरणापूर्वीच्या जर्मानिक लोकांच्या, विशेषतः स्कँडिनेव्हिया व आइसलँडमधील नॉर्स लोकांच्या, श्रद्धांवर आधारलेला आधुनिक धर्मप्रवाह आहे. ओडिन, थोर, फ्रेय, फ्रेया आदी देवता, भूमीचे रक्षक आत्मे आणि पूर्वज यांची उपासना त्यात केली जाते. या प्रवाहाला एकच धर्मग्रंथ, संस्थापक वा मध्यवर्ती पीठ नाही. पूर्वजांविषयीचा आदर जवळजवळ सर्व गटांना मान्य आहे. मात्र हा धर्म पाळण्यासाठी विशिष्ट वंशात जन्म आवश्यक आहे का, या प्रश्नावर त्यांच्यात तीव्र मतभेद आहेत.

नाव

'हीदन' हा शब्द मुळात ख्रिस्ती लेखकांनी इतरधर्मीयांसाठी तुच्छतेने वापरलेला होता; आजच्या अनुयायांनी तो अभिमानाने स्वीकारला आहे. 'आसात्रू', म्हणजे 'आस' देवकुलावरील श्रद्धा, हे नावही प्रचलित आहे. ते एकोणिसाव्या शतकात घडवले गेले. प्राचीन नॉर्स लोक आपल्या धर्माला केवळ 'रीत' किंवा 'जुनी रीत' अशा अर्थाच्या शब्दांनी संबोधत.

जुन्या साधनांतील पूर्वज

आइसलँडने इ.स. १००० च्या सुमारास आल्थिंग या लोकसभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एड्डा काव्ये, स्नोरी स्टुर्लुसोन याचा गद्य एड्डा आणि सागा हे वाङ्मय त्यानंतर दोन-तीन शतकांनी, ख्रिस्ती लेखणीतून उतरले. त्यामुळे पूर्वजपूजेचे चित्र तुकड्यातुकड्यांनीच मिळते.

या तुकड्यांत पूर्वज बहुधा एखाद्या जागेशी बांधलेला दिसतो. नॉर्वेतील राजा ओलाफ याला मृत्यूनंतर गेइरस्टाड येथील दफनटेकडीत ठेवले गेले. चांगल्या पिकासाठी लोक तेथे बळी देऊ लागले आणि त्याला 'गेइरस्टाडचा आल्फ' हे नाव पडले. 'आल्फ' या अदृश्य शक्तींना उद्देशून होणारा 'आल्फाब्लोत' हा विधी घरगुती होता. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वीडनमधून प्रवास करणारा ख्रिस्ती कवी सिग्वात थोर्दारसोन याला एका गृहिणीने, घरात हा विधी चालू असल्याने, दारातूनच परत पाठवले, असे त्याच्या काव्यावरून समजते.

एरब्युग्या सागेतील थोरोल्फची कथा अधिक बोलकी आहे. नॉर्वेहून आइसलँडला येऊन वसलेल्या या गृहस्थाने तेथील हेल्गाफेल्ल हा डोंगर पवित्र मानला. आपण आणि आपले कुटुंबीय मृत्यूनंतर त्यात प्रवेश करू, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणजे त्याच्या कुळातील मृतांचे घर सोडून आलेल्या देशात नव्हे, तर नव्याने वसवलेल्या भूमीत ठरले.

कुळाची कल्पनाही केवळ रक्तावर उभी नव्हती. नॉर्वेच्या गुलाथिंग कायद्यात विवाहबाह्य मुलाला कुळात घेण्याचा विधी सांगितला आहे. तीन वर्षांच्या बैलाच्या कातड्याचा जोडा करून त्यात प्रथम पित्याने, मग त्या मुलाने आणि वारसांनी पाय घालायचा. मुलगा रक्ताचा असला, तरी हा विधी होईपर्यंत त्याला कुळाचे पूर्ण हक्क मिळत नसत. दुसऱ्याचे मूल वाढवून निर्माण होणारे पालकत्वाचे नातेही सागांत फार बळकट दिसते.

आजचे आचार

'ब्लोत' हा मुख्य विधी आहे. पूर्वी त्यात पशुबळी असे. आता बहुतेक ठिकाणी मध किंवा धान्यापासून केलेले मद्य आणि अन्न अर्पण करतात. 'सुंबेल' या विधीत मद्याचे शिंग हातोहात फिरते. अनेक गटांत पहिली फेरी देवांसाठी, दुसरी पूर्वज किंवा वीरांसाठी आणि तिसरी संकल्प वा स्वतःच्या कर्तृत्वाच्या उच्चारासाठी असते. कुळाचे रक्षण करणाऱ्या 'दीसिर' या स्त्रीशक्ती आणि पिढ्यांतून उतरणारे 'हामिंग्या' हे दैव यांनाही अनेक जण मानतात. काही जण दत्तक आईवडील, गुरू किंवा आवडते कवी यांनाही दुसऱ्या फेरीत स्मरतात.

वंशाचा वाद

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचा गूढवादी गिडो फॉन लिस्ट याने रून लिपी आणि जुने देव यांची सांगड 'आर्य' वंशाच्या कल्पनेशी घातली. (संस्कृतातला हा शब्द तुलनात्मक भाषाशास्त्राच्या वाटेने युरोपात पोहोचला आणि तेथे त्याला मूळ अर्थाशी विसंगत असा जैविक अर्थ चिकटला.) पुढे नाझी राजवटीत १९३५ साली स्थापन झालेल्या 'आनेनएर्बे' या संस्थेच्या नावाचा अर्थच 'पूर्वजांचा वारसा' असा होतो. या इतिहासाची सावली चळवळीवर अजूनही आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकात स्टीफन मॅकनालेन यांनी आसात्रूचे संघटन सुरू केले. धर्म व संस्कृती जैविक वंशातून उतरतात, असे प्रतिपादन त्यांनी पुढे 'मेटाजेनेटिक्स' या नावाने मांडले. या मताच्या अनुयायांना 'फोकिश' म्हणतात. आपला धर्म एका समाजाचा वारसा आहे आणि अमेरिकेतील मूलनिवासींप्रमाणे तो राखण्याचा आपल्याला अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मात्र परंपरा बाराव्या शतकापर्यंत खंडित झाल्यावर ती रक्तातून कशी उतरली, याचे पटण्याजोगे उत्तर या मांडणीत मिळत नाही.

याउलट १९८७ साली स्थापन झालेली 'द ट्रॉथ' ही संघटना कोणत्याही वंशाच्या व्यक्तीला प्रवेश देते. या सर्वसमावेशक पक्षाचे लोक देवांच्याच वंशावळीकडे बोट दाखवतात: ओडिनची आई बेस्तला राक्षसकन्या, थोरची आई योर्द हीदेखील राक्षसकुळातली, तर फ्रेय हा वानिर या दुसऱ्या देवकुलातून ओलीस म्हणून आलेला. तिसरा एक मध्यममार्गी पक्ष जन्मापेक्षा संस्काराला महत्त्व देतो. विवाह, दत्तकविधान किंवा दीर्घ सहवास यांतून माणूस समूहाचा होतो, असे तो मानतो.

मॅकनालेन यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या 'आसात्रू फोक असेंब्ली'च्या नव्या नेतृत्वाने २०१६ साली वंशाविषयी उघड भूमिका घेतली, तेव्हा अनेक देशांतील हीदन संघटनांनी 'घोषणापत्र १२७' द्वारे तिच्याशी संबंध तोडले. हा आकडा 'हावामाल' या काव्यातील कडव्याचा क्रमांक आहे.

आइसलँडमधील स्थिती

शेतकरी-कवी स्वेइनब्योर्न बेइन्तेइनसोन यांच्या नेतृत्वाखाली १९७२ साली 'आसात्रूआरफेलागिद' ही संस्था स्थापन झाली व १९७३ मध्ये तिला शासकीय मान्यता मिळाली. २००३ पासून संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सोन तिचे प्रमुख आहेत. सदस्यसंख्या पाच हजारांहून अधिक आहे. या देशात 'ईस्लेंडिंगाबोक' या संगणकीय वंशावळीत जवळजवळ प्रत्येक नागरिकाला आपले पूर्वज शोधता येतात. तरीही ही संस्था सदस्यत्वासाठी वंश विचारत नाही आणि वर्णवर्चस्वासाठी आसात्रूचा वापर करण्यास तिचा जाहीर विरोध आहे.

जनुकीय पुरावा

आइसलँडच्या मूळ वसाहतकारांतील पुरुष प्रामुख्याने स्कँडिनेव्हियातून, तर स्त्रियांपैकी बऱ्याच ब्रिटिश बेटांतून आल्या होत्या, असे जनुकीय अभ्यासांतून दिसते. लाक्सदेला सागेतील मेल्कोर्का ही आयरिश राजकन्या दासी म्हणून विकली गेली होती; तिचा मुलगा ओलाफ पुढे प्रतिष्ठित सरदार झाला. २०२० साली 'नेचर' या नियतकालिकात ४४२ प्राचीन व्यक्तींच्या अवशेषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने पुरलेल्या दोन पुरुषांचे जनुकीय साम्य स्कँडिनेव्हियन लोकांशी नव्हे, तर आजच्या आयरिश व स्कॉटिश लोकांशी आढळले. त्यांच्या कबरींत व्हायकिंग तलवारी होत्या.