कुरकुरीचा माग

१८०४ मध्ये लंडनच्या ओबाडिया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. हिसके कमी झाले, पण कुरकुर पाठीशी लागली. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या गाडी दबली की एकमेकींवर घासत. मधले ग्रीस धुऊन गेले, की बोंबच. म्हणून १९२०च्या दशकात मोटारींच्या पाट्यांवर चामड्याची म्यानं चढवली जात. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या चाकांवरही पाटेच होते.

सांध्यांत बसवलेल्या रबरी बुशांनी, म्हणजे नळीसारख्या अस्तरांनी, बरीच शांतता आणली. रबर धातूला पक्के चिकटवलेले असले, की ते घासत नाही, नुसते पिळवटते.

१९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायरने पॉलीयुरेथेन शोधले. पुढे हौशी मालकांनी त्याचे कडक बुश बाहेरून बसवून घेतले आणि आवाज परतला. हा बुश धातूच्या नळीवर फिरतो. ग्रीस आटले की किंचाळतो.

निदानाची रीत साधी. एकाने गाडीचा कोपरा दाबून हलवायचा, दुसऱ्याने खाली वाकून एकेका बुशवर पाणी मारायचे. ज्यावर पाणी पडताच आवाज थांबला, तोच चोर. मग तो काढून सिलिकॉन ग्रीस लावायचे. खनिज तेलाचे नको, त्याने शेजारचे रबर फुगते.