तमाशाचा माईक आणि खोडदच्या तबकड्या

लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या चढून सातव्या लेण्यात शिरावे, थोडा दम खावा आणि एखाद्या विद्यार्थ्याला टाळी वाजवायला सांगावे. गिरिजात्मजाच्या दर्शनाची गर्दी नसेल अशी वेळ मात्र निवडावी. सुमारे १७ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि जेमतेम साडेतीन मीटर उंच असा हा दगडात कोरलेला मंडप. मध्ये एकही खांब नाही, तीन बाजूंना मिळून २० खोल्या. हात खाली आले तरी टाळीचा आवाज रेंगाळत राहतो, कारण उघडा दगड आवाज फारसा शोषत नाही, परतवतो. अठराशे वर्षांपूर्वी येथे राहणाऱ्या भिक्षूंना ओरडावे लागत नसेल. उलट शब्द एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सावकाश बोलावे लागत असेल.

याच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावची अडचण नेमकी उलटी. ही तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे गाव. तमाशा उघड्यावर किंवा कापडी तंबूत चालतो. आवाज परतवायला तेथे भिंत नाही, आणि अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता एकचतुर्थांश होते. साध्या बोलण्याचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबल धरला, तर ३२ मीटरवर तो ३० डेसिबल उरतो. जत्रेच्या गोंगाटात तो कोणाला ऐकू जाणार?

तमाशाने यावर माईकशिवाय तोडगा काढला होता. गायचे ते वरच्या पट्टीत आणि धारदार आवाजात. आपला कान २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो आणि धारदार आवाजात नेमकी तीच कंपने भरपूर असतात. मागे उभे राहणारे झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरतात. मुख्य गायकाला श्वास मिळतो आणि मागच्या रांगेतल्या माणसाला निसटलेला शब्द पुन्हा मिळतो. याला आम्ही ध्वनिशास्त्रच म्हणतो, कोणी ते पुस्तकात लिहिले नसले तरी.

माईक आला आणि गळ्यावरचा ताण कमी झाला, पण पायात वायर आली. रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभ्या केलेल्या किंवा वरून टांगलेल्या माईकपासून दूर गेले की आवाज पडतो. म्हणून सोंगाड्या विनोद सांगायला माईकशी येतो, आणि नाचणारीने पाठ फिरवली की गाणे अर्धे हरवते. नृत्य आणि गाणे एकाच बाईने करायचे, तेही एका जागी खिळून!

ही वायर तोडण्याचा एक लवकरचा प्रयत्न बर्फावर झाला. १९४९ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे स्केटिंग करत सादर होणाऱ्या ‘अल्लादीन’च्या खेळात रेग मूर्स यांनी एका पात्राच्या पोशाखात छोटा प्रक्षेपक बसवला. त्यांनी पेटंट घेतले नाही, कारण ७६ मेगाहर्ट्झ ही लहरसंख्या ते विनापरवाना वापरत होते. निर्मात्यांनीही पुढे तो नाद सोडला. आडून कोणीतरी बोलावे आणि स्केटिंग करणाऱ्यांनी नुसते ओठ हलवावेत, हेच त्यांना सोयीचे वाटले. १९५३ मध्ये अमेरिकेतील शूर कंपनीने ‘व्हॅगाबॉन्ड’ हा बिनतारी माईक बाजारात आणला. तो छोट्या व्हॉल्व्हवर चाले आणि सुमारे ७०० चौरस फुटांच्या जागेत काम देई. ‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटात रेक्स हॅरिसन यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या टायमध्ये असा माईक दडवावा लागला. मधल्या काळात ट्रान्झिस्टर आला, १९६२ साली बेल प्रयोगशाळेत सेस्लर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माईक तयार केला, आणि सारा सरंजाम कमरेला लावता येईल इतका लहान झाला.

वायर गेली तरी अडचण सरली नाही, तिची जागा बदलली. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंटिमीटर असते. माईकपासून थेट येणारी लहर आणि तंबूच्या लोखंडी खांबावरून परावर्तित होऊन २५ सेंटिमीटर जास्त चालून आलेली लहर एकमेकींना खोडू पाहतात. नाचणारी एक पाऊल सरकली की आवाज गडप, दुसरे टाकले की परत हजर. यासाठी चांगल्या ग्राहकाला दोन अँटेना असतात. एकीकडे लहर खोडली गेली तरी दुसरीकडे ती बहुधा सापडते. ग्राहक रंगमंचावरून थेट दिसेल असा, उंचावर ठेवावा. माईक हातात घेऊन आधी सगळा रंगमंच चालून पाहणे, यावाचून खात्रीचा उपाय नाही.

एका जत्रेत आम्ही आणखी एक गंमत पाहिली. दोन माईक ठीक चालत, तिसरा सुरू केला की गुरगुर. साऊंडवाल्याने लहरसंख्या समान अंतरावर ठेवल्या होत्या: ५००, ५००.४ आणि ५००.८. दिसायला नीटनेटके, पण पहिले दोन प्रक्षेपक जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या लहरसंख्या जन्मतात. दुसऱ्याची दुप्पट वजा पहिली: १०००.८ वजा ५०० बरोबर ५००.८. म्हणजे थेट तिसऱ्याच्या डोक्यावर! तिसरा ५०१.१ वर नेला आणि गुरगुर थांबली. नववीच्या वर्गाला हे गणित सहज जमेल.

आता खोडद. नारायणगावपासून सुमारे १० किलोमीटरवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, त्याचे एक कारण म्हणजे येथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. नूतनीकरणानंतर ही दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झमधील बराचसा भाग ऐकते. बिनतारी माईकचे १७४ ते २१६ आणि ६०० ते ७०० मेगाहर्ट्झ हे प्रचलित पट्टे नेमके त्यातच येतात.

माईकची ताकद अवघी १० मिलिवॅट, तिने काय बिघडते? हिशेब करू. ती ताकद २०० किलोहर्ट्झमध्ये पसरली आणि वाटेत डोंगर नसला, तर १० किलोमीटरवर ती सुमारे ४ अब्ज जान्स्की भरते. आकाशातील अतिशय प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक, सिग्नस ए, १५० मेगाहर्ट्झच्या आसपास १० हजार जान्स्कींच्या घरात आहे. तबकडीचे तोंड दुसरीकडे असल्याने माईकची लहर दोन-तीन हजार पटींनी क्षीण होते, तरी ती सिग्नस एच्या शंभराहून अधिक पट उरते. डोंगर मध्ये आले तर यातले बरेच अडते. पण शास्त्रज्ञ शोधतात ते स्रोत जान्स्कीच्या हजाराव्या भागाचे आणि त्याहूनही मंद असतात.

म्हणून तमाशाने पुन्हा वायरीला बांधून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. या भागात तरी फडांनी २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे डिजिटल माईक घ्यावेत. तो पट्टा दुर्बिणीच्या कक्षेबाहेर आहे. तेथे प्रेक्षकांच्या मोबाइलची वाय-फाय गर्दी असते हे खरे, त्यामुळे ग्राहक रंगमंचाच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. जुने ७०० मेगाहर्ट्झचे माईक तसेही अडचणीत आले आहेत, कारण २०२२ च्या लिलावात तो पट्टा मोबाइल सेवेसाठी गेला.

खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास दुर्बीण पाहायला शाळांची रीघ लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. सहलीला दोन्ही जमवायची असतील तर राहुट्यांवर सकाळी लवकर जावे. तेव्हा साऊंडवाला मोकळा असतो, आणि त्याच्या पेटीतले माईक कोणत्या मेगाहर्ट्झचे आहेत हे विद्यार्थ्यांना वाचून घेता येते.